हिमालयात वीकेंडला निघताना हवामानाचा अंदाज कसा वाचायचा: बर्फ, वादळ आणि अवेळी ऊब एकाच वेळी आली तर

‘शनिवारी बर्फ पडणार आहे म्हणे, निघू या.’ ‘अरे, पण रविवारी वादळ दाखवतंय.’ ‘ॲपवर तर सूर्य दिसतोय!’ फेब्रुवारी-मार्चमध्ये हिमाचल किंवा उत्तराखंडला निघणाऱ्या गटांमध्ये हे बोलणं ठरलेलं. तिघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं. तिघंही अंदाज गावाच्या नावाने आणि दिवसाच्या चित्राने वाचत असतात, आणि गोंधळ तिथेच होतो. डोंगरातला अंदाज उंची आणि तास यांच्या हिशेबाने वाचावा लागतो. ही सवय लागली की वरची तिन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी असतात तेही कळतं आणि निघायचं की नाही तेही.

एक नमुना धरून चालू. बुधवारी अंदाज असा आहे: शुक्रवारी तापमान सरासरीपेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त; शनिवारी संध्याकाळपासून उंच भागांत बर्फवृष्टी; शनिवारी रात्री ते रविवारी सकाळ विजांचा कडकडाट, गारा, सोसाट्याचा वारा; रविवारी दुपारनंतर आकाश मोकळं. उदाहरणासाठी उत्तराखंडमधला सांकरी ते केदारकांठा हा ट्रेक घेऊ. तुमची जागा वेगळी असली तरी पायऱ्या याच राहतील, आणि याच क्रमाने.

टप्पा १ (बुधवार): उंची आणि तास कागदावर उतरवा

अंदाज उघडण्याआधी हे काम. अंदाज आधी पाहिला की मन ठरून जातं आणि मग आपण फक्त सोयीचे आकडे शोधत बसतो.

कागदावर तीन जागा लिहा: मुक्कामाचं गाव, सर्वांत उंच मुक्काम, आणि जिथवर जायचं ते सर्वांत उंच ठिकाण. प्रत्येकापुढे समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. आपल्या नमुन्यात सांकरी सुमारे १,९५० मीटर, वरचा कॅम्प सुमारे २,८०० मीटर, माथा सुमारे ३,८०० मीटर. नुसतं गाडीने फिरायला जाणाऱ्यांनीही हे करावं. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड सुमारे ३,०६० मीटरवर. एक किलोमीटरचा हा फरक म्हणजे बाजारात रिमझिम पाऊस आणि बोगद्याशी घसरता बर्फ.

आता प्रत्येक जागेपुढे तुम्ही तिथे कोणत्या तासांत असाल ते लिहा. ‘शनिवारी कॅम्प’ एवढं पुरत नाही. ‘शनिवारी दुपारी ३ ते रविवारी पहाटे ३ कॅम्प, रविवारी पहाटे ३ ते सकाळी ८ माथ्याची चढाई’ असं लिहा. परतीच्या घाटरस्त्याचे तासही यात आलेच पाहिजेत. बहुतेकांच्या कागदावर नेमके तेच नसतात.

*तपासा:* कागदावर उंचीचे तीन आकडे आणि निदान चार वेळा आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नका. पुढचा सगळा हिशेब यांवरच आहे.

टप्पा २: ॲपच्या चित्राआधी मूळ बुलेटिन

फोनवरची बहुतेक ॲप्स जागतिक संगणकीय मॉडेलचे आकडे चित्रात बदलून दाखवतात. या मॉडेलमध्ये जमीन चौकटींमध्ये विभागलेली असते. युरोपीय मॉडेलची चौकट साधारण ९ किलोमीटरची, अमेरिकन जीएफएसची साधारण १३ किलोमीटरची. हिमालयात ९ किलोमीटरमध्ये दरी, गाव, जंगल आणि शिखर सगळं मावतं. मॉडेल त्या सगळ्याची सरासरी उंची धरतं. त्यामुळे दरीतल्या गावाचं तापमान खरं त्यापेक्षा थंड दिसू शकतं आणि शिखराचं जास्त उबदार. भारतीय हवामान विभागाने मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकटीचं ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू केलं. चौकट लहान झाली, पण एका कड्याची सावली त्यातही दिसत नाही.

म्हणून सुरुवात हवामान विभागाच्या त्या राज्यातल्या केंद्रापासून करा: हिमाचलसाठी शिमला, उत्तराखंडसाठी डेहराडून, काश्मीरसाठी श्रीनगर, लडाखसाठी लेह. या केंद्रांच्या बुलेटिनमध्ये जिल्हावार इशारे असतात, आणि बऱ्याचदा ‘अमुक मीटरच्या वर बर्फवृष्टी’ असा थेट उल्लेखही. माणसाने लिहिलेलं ते एक वाक्य दहा चित्रांपेक्षा कामाचं असतं.

बुलेटिन वाचताना चार ठिकाणी हमखास गफलत होते.

पहिली, दिवसाची. हवामान विभागाच्या इशाऱ्यातला दिवस सकाळी ८:३० ला संपतो, मध्यरात्री नाही. ‘शनिवार’च्या रकान्यातला बर्फ रविवारी पहाटे चार वाजताही पडू शकतो, म्हणजे नेमका तुम्ही माथ्याकडे निघालेला असताना.

दुसरी, रंगांची. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग जिल्ह्याला दिलेला असतो. पिवळ्या रंगाच्या जिल्ह्यात ३,८०० मीटरवर तंबू टाकणाऱ्यासाठी परिस्थिती गावातल्या माणसापेक्षा किती तरी कठीण असते. पिवळा म्हणजे ‘चालतंय’ असा अर्थ लावू नका.

तिसरी, ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ या शब्दांची. हे शब्द पाऊस किंवा बर्फ किती भागावर पडेल ते सांगतात. तुरळक म्हणजे त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या ठाण्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत ठाण्यांवर, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०, अनेक ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५, बहुतांश म्हणजे त्याहून जास्त. पडला तर किती जोरात पडेल याच्याशी या शब्दांचा संबंध नाही. तुरळक ठिकाणी मुसळधार हेही असू शकतं.

चौथी, ‘हलका’ आणि ‘मध्यम’ या शब्दांची. तिचा हिशेब टप्पा ५ मध्ये येतो.

टप्पा ३: तिन्ही इशारे एका ओळीत लावा

ऊब, बर्फ आणि वादळ ही तीन वेगळी संकटं आहेत आणि त्यांतलं एकच खरं ठरेल, असं समजणं ही सर्वांत महाग चूक आहे. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयात बहुतेक वेळा ही एकाच पाहुण्याची तीन पावलं असतात.

तो पाहुणा म्हणजे पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे सरकत येणारी ही प्रणाली डिसेंबर ते मार्च या काळात सर्वाधिक जोरात असते. ती जवळ येते तेव्हा तिच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडून उबदार, दमट हवा ओढली जाते. ढग आल्यामुळे रात्रीची उष्णता वर निसटत नाही आणि किमान तापमान चढतं. मग प्रणाली डोंगराला भिडते: पाऊस, बर्फ, गडगडाट. ती पुढे सरकली की मागून कोरडी थंड हवा घुसते, आकाश लख्ख होतं आणि तापमान काही तासांत आपटतं.

आता नमुना पुन्हा वाचा. शुक्रवारची ऊब ही शनिवारच्या बर्फाची नांदी आहे, आणि रविवारी दुपारचं निळं आकाश म्हणजे पाठोपाठ येणारी कडक थंडी.

कागदावर एक आडवी रेघ ओढा, शुक्रवार सकाळ ते सोमवार सकाळ. तिच्यावर चार खुणा करा: ढग कधी, पाऊस किंवा बर्फाची सुरुवात कधी, सर्वांत जोर कधी, आणि वारा उत्तरेकडे वळून थंडी कधी. खाली तुमच्या वेळा मांडा. दोन्ही ओळी जिथे एकमेकींवर येतात तेवढीच जागा आता विचारात घ्यायची आहे.

*सावधान:* प्रणाली सहा ते बारा तास लवकर किंवा उशिरा येणं अगदी नेहमीचं आहे. तुमची योजना सुरुवातीच्या खुणेआधी फक्त दोन तासांनी सुटत असेल, तर ती सुटत नाहीये असंच धरा.

टप्पा ४: बर्फाची रेषा काढा

‘बर्फ पडणार का’ या प्रश्नाला डोंगरात उत्तर नसतं. ‘किती उंचीच्या वर पडणार’ याला असतं.

दर १,००० मीटर चढलं की तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. समजा शनिवारी दुपारी सांकरीला १२ अंश सांगितले आहेत. सांकरी आणि माथा यांत साधारण १,८५० मीटरचा फरक, म्हणजे १२ अंशांची उतरण. शून्य अंशाची पातळी थेट माथ्याशी, ३,८०० मीटरला. पडताना वितळायला बर्फाला थोडं अंतर लागतं, म्हणून प्रत्यक्ष बर्फाची रेषा शून्याच्या पातळीखाली साधारण २०० ते ३०० मीटर येते. म्हणजे ३,५०० मीटरच्या वर बर्फ, खाली पाऊस. तुमचा कॅम्प २,८०० मीटरवर. बर्फासाठी गेलेला गट संध्याकाळभर पावसात भिजणार.

आता रात्री थंड हवा घुसल्यावरचा हिशेब. सांकरीच्या पातळीला तापमान ४ अंशांवर आलं, तर शून्याची पातळी सुमारे २,५५० मीटर आणि बर्फाची रेषा २,३०० च्या आसपास. आता त्याच कॅम्पवर बर्फ पडतोय. पण तो पडतोय आधीच भिजलेल्या तंबूवर, ओल्या दोऱ्यांवर, चिंब बुटांवर. तासाभरात तंबूची चेन गोठून सरकत नाही, बुटांच्या नाड्या तारेसारख्या ताठ होतात, आणि पहाटे तीनला निघायच्या वेळी हातमोजा काढल्याशिवाय एकही गाठ सुटत नाही. उणे दहाच्या कोरड्या बर्फापेक्षा ही ‘आधी पाऊस, मग बर्फ’ रात्र अंगाला जास्त घातक असते, कारण भिजलेल्या माणसाची उष्णता झपाट्याने जाते.

हिशेब करताना तीन पथ्यं पाळा:

१. दुपारचं तापमान घ्या, निरभ्र रात्रीचं नको. निरभ्र रात्री थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि गाव वरच्या उतारापेक्षा थंड होतं. तिथे हा हिशेब उलटा पडतो.

२. अंदाजाच्या संकेतस्थळावर शून्य अंशाची उंची थेट दिलेली असेल तर तुमच्या हिशेबापेक्षा ती धरा.

३. जोराची वृष्टी सुरू झाली की वितळणारा बर्फ हवेतली उष्णता शोषतो आणि रेषा आणखी काहीशे मीटर खाली घसरते. म्हणून गावातला पाऊस अचानक बर्फात बदलला तर नवल मानू नका. गाडी त्या रस्त्यावर असू नये, एवढी काळजी घ्या.

*तपासा:* कॅम्प बर्फाच्या रेषेच्या ३०० मीटर वर किंवा खाली असेल, तर सामान पावसाचं बांधा. पाण्याचा थेंब आत न जाऊ देणारं बाह्य जॅकेट आणि पँट, आणि प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केलेला सुक्या कपड्यांचा एक जोड. फक्त जाड लोकर आणि डाऊन (पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं) जॅकेट घेऊन गेलात तर डाऊन ओलं झाल्यावर त्याची ऊब संपते.

टप्पा ५: मिलिमीटरचे सेंटिमीटर करा

अंदाजातले मिलिमीटर पाण्याचे असतात. ढोबळ हिशेब: १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर ताजा बर्फ. शून्याजवळ पडणारा ओला, जड बर्फ यापेक्षा कमी साचतो. कडक थंडीतला भुसभुशीत बर्फ जास्त.

आता ‘मध्यम’ हा शब्द पाहा. हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम. पावसात ही छत्रीची बाब आहे. बर्फात रूपांतर केलं तर १५ सेंटिमीटर ते अर्ध्या मीटरहून अधिक. गुडघाभर बर्फात पायवाट दिसत नाही, चालण्याचा वेग निम्म्याहून खाली येतो आणि पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या सगळ्या वेळा कोलमडतात. १५ मिलिमीटरच्या पुढचा आकडा दिसला की चढाईचे तास दुप्पट धरून कागद पुन्हा मांडा.

टप्पा ६: वारा आणि विजा

अंदाजात वाऱ्याचे दोन आकडे असतात, सरासरी वेग आणि झोतांचा वेग. तंबू फाडतो आणि माणसाचा तोल घालवतो तो झोत, म्हणून तोच वाचा. शिवाय आकडा बहुधा दरीचा किंवा चौकटीचा असतो. उघड्या धारेवर तो बराच वाढतो. थंडीचा हिशेबही वाऱ्यासकट करा: उणे ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे १४ सारखं लागतं.

वादळ हा फक्त हिवाळ्याचा प्रश्न आहे असंही मानू नका. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडमधल्या सहस्त्रताल ट्रेकवर हिमवादळात सापडून कर्नाटकातल्या गटातले नऊ जण दगावले. मैदानात तेव्हा कडक उन्हाळा होता.

विजांसाठी नियम सोपा आहे आणि तो पाळायला उशीर केला तर उपयोगाचा नाही. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, तुम्हाला ती गाठू शकते. धार आणि माथा लगेच सोडा. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर पूर्ण तीस मिनिटं वर जायचं नाही.

- एकटं झाड, उथळ गुहा, पत्र्याची उघडी शेड, धातूचा मनोरा: यांपैकी कशाचाही आडोसा नको.
- तंबू विजेपासून वाचवत नाही. बंद काचांची, पत्र्याच्या टपाची मोटार वाचवते.
- गटाने एकत्र बिलगून बसू नये. एकमेकांत पुरेसं अंतर ठेवा, म्हणजे एकाला इजा झाली तर बाकीचे मदतीला उरतात.
- केस उभे राहू लागले किंवा काठ्यांमधून गुणगुण ऐकू आली तर विचार करत थांबू नका, काठ्या टाका आणि खाली उतरा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. घरून निघण्याआधी ते डाऊनलोड करून चालवून पाहा. वर रेंज असेलच असं नाही, म्हणून मोजणीही येऊ द्या.

टप्पा ७: अवेळी ऊब

बर्फ आणि वादळ यांना लोक घाबरतात. उबेला कुणी घाबरत नाही, म्हणून इथे जास्त वेळ थांबणं भाग आहे.

आधी वाचायचं कसं. बुलेटिनमध्ये कमाल-किमान तापमानाशेजारी ‘सरासरीपासून फरक’ असा रकाना असतो. नुसतं ‘१४ अंश’ वाचून काही कळत नाही; १४ अंश आणि फरक अधिक ६ हे कळलं की बोध होतो. असे फरक आता विरळा राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशाचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. मागच्या वर्षी याच तारखांना गेलेल्या मित्राचा अनुभव ऐका, पण त्यावर बेत बांधू नका.

आता उबेने प्रत्यक्षात काय होतं ते.

रस्त्यावर. दिवसा कडेचा बर्फ वितळून पाणी डांबरावर पसरतं आणि सूर्य गेला की गोठतं. देवदारांच्या सावलीतल्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या वळणावर हा पातळ काचेसारखा थर सकाळी दहा-अकरापर्यंत टिकतो. रस्ता फक्त ओला वाटतो. रस्त्यावर आदल्या दिवशी वितळल्याच्या खुणा असतील तर सूर्योदयाआधी गाडी काढू नका, आणि सावलीच्या वळणावर ब्रेक दाबू नका. वळणाआधीच गिअर आणि वेग उतरवा.

उतारांवर. बर्फाचे थर एकमेकांना धरून असतात. पाणी आत झिरपलं की ही पकड सुटते. हिमस्खलन सर्वाधिक होतं ते ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. ऊब असताना दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे उतार दुपारी धोक्याचे, म्हणून असे उतार सकाळी लवकर ओलांडून मोकळं व्हायचं. बर्फावर पाऊस पडला तर कोणत्याच तासाचा भरवसा नाही.

ओढे आणि गोठलेली तळी. सकाळी पावलं भिजवणारा ओढा दुपारी चारला मांडीपर्यंत येतो. ओढ्यावरचा बर्फाचा पूल सकाळी पेलतो आणि परतीला कोसळतो. गोठलेल्या तळ्यावर फोटोसाठी उतरणं अशा दिवसांत पूर्ण वर्ज्य.

अंगावर. उबेत माणूस घामाने आतून भिजतो आणि नेमकं तेव्हाच वारा फिरतो. चढताना किंचित थंडी वाजत राहील इतकेच थर घाला. बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं; अतिनील किरण अडवणारा गॉगल ढगाळ दिवशीही लावा.

*तपासा:* उबेच्या काळात रोज पहाटे एकच प्रश्न विचारा: रात्री बर्फ गोठला का? आकाश निरभ्र होतं तर बहुधा गोठतो आणि सकाळ काही तास भक्कम असते. रात्रभर ढग राहिले तर गोठत नाही. तंबूबाहेर जुन्या बर्फावर पूर्ण भार देऊन एक पाय ठेवा. बूट वरच्या वर राहिला तर ठीक. पहाटेच घोट्याच्या वर रुतत असेल तर त्या दिवशी तीव्र उतार ओलांडायचे नाहीत.

टप्पा ८: निर्णय केव्हा घ्यायचा ते आधी ठरवा

अंदाज तासातासाला बघणं म्हणजे तयारी नव्हे. मॉडेल दिवसातून ठरावीक वेळीच नवे आकडे देतात. मधल्या वेळेत तेच आकडे पुन्हा दिसतात आणि मन हेलकावे खातं. तीन वेळा पुरेत.

गुरुवारी रात्री: निघायचं की नाही. बुधवारचं आणि गुरुवारचं बुलेटिन शेजारी ठेवा. वेळ, उंची आणि रंग या तिन्हींत दोन्ही जुळतात का? दोन वेगळ्या मॉडेलमध्ये सुरुवातीची वेळ जुळते का? जुळत असेल तर अंदाजावर भर द्या. फारकत असेल तर वाईट बाजू धरून योजना करा. वेगवेगळी ॲप्स चाळून हवं ते उत्तर देणारं ॲप निवडणं ही पडताळणी नाही. त्यांतली बरीच एकाच मॉडेलवर चालतात.

शुक्रवारी संध्याकाळी, पायथ्याच्या गावात: वर चढायचं की गावातच थांबायचं. आता हवामानासोबत डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशाराही पाहा. तो जिल्हा आणि उंचीनुसार असतो. रस्त्याची स्थिती स्थानिक पोलिसांकडून किंवा सीमा रस्ते संघटनेकडून घ्या. आणि गावातल्या गाइडला विचारा. ‘होईल ना समिट?’ असं विचारलंत तर ‘होईल’ हेच उत्तर मिळेल. ‘तुमचा मुलगा असता तर उद्या वर पाठवला असता का?’ असं विचारा.

शनिवारी सकाळी: शेवटचा निर्णय, वर लिहिलेल्या कागदावर बोट ठेवून.

हे निर्णय घ्यायला सोपे जावेत म्हणून मागे फिरण्याच्या अटी घरीच लिहा, गटातल्या सगळ्यांसमोर. उदाहरणार्थ: जिल्ह्याला नारिंगी इशारा असेल तर रात्रीचा मुक्काम गावात. दुपारी तीनपर्यंत कॅम्प दिसला नाही तर परत. गडगडाट ऐकला तर धार नाही. वर गेल्यावर थकवा, दिलेले पैसे आणि सोबत्यांचा उत्साह हे तिघं मिळून वाटाघाटी करायला लागतात. लिहिलेली अट असेल तर एकट्यादुकट्याला सगळ्यांशी भांडावं लागत नाही.

*सावधान:* प्रशासनाने ट्रेक किंवा रस्ता बंद केला असेल तर पर्यायी वाट शोधणाऱ्या गाइडबरोबर जाऊ नका. बंदी मोडून अडकलेल्या गटाला सोडवायला जाणारी माणसंही त्याच उतारावरून चढतात.

टप्पा ९: वाटेवर

रेंज आहे तोवर हवामान विभागाचा नाऊकास्ट बघा. तो पुढच्या तीन तासांपुरता असतो आणि वादळाच्या बाबतीत दोन दिवसांच्या अंदाजापेक्षा भरवशाचा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲपही सुरू ठेवा. रेंज गेल्यावर आकाश आणि घड्याळ उरतं.

दर दोन तासांनी थांबून बघा: उंचावरच्या पिसासारख्या ढगांचा पडदा जाड होऊन सूर्याभोवती कडं दिसतंय का? वारा दक्षिणेकडून अवचित उबदार झालाय का? अल्टिमीटर असलेलं घड्याळ एकाच जागी बसूनही उंची वाढलेली दाखवतंय का? तसं असेल तर हवेचा दाब घटतोय. यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर पाहुणा वेळेआधी येतोय, कागदावरच्या खुणा पुढे सरकवा. साबुदाण्यासारख्या बर्फाच्या टणक गोळ्या पडू लागल्या तर वर गडगडाटी ढग तयार झालेला आहे. माथा तिथेच सोडायचा.

टप्पा १०: वादळानंतरची निळी सकाळ

रविवारी आकाश उघडतं, सगळं पांढरंशुभ्र, आणि सगळ्यांना आता निघावंसं वाटतं. नवा बर्फ पडल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास हिमस्खलनाला सर्वाधिक पोषक असतात. वाऱ्याने बर्फ उडवून धारेच्या आडोशाच्या बाजूला जाड लाद्या रचलेल्या असतात, आणि त्यांवर आता ऊन पडणार असतं. २८ फेब्रुवारी २०२५ ला चमोली जिल्ह्यात माणाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ जण त्यात अडकले, आठ जणांचा जीव गेला. डोंगरात राहणाऱ्या-राबणाऱ्यांचीही अशी गत होते, मग दोन दिवसांच्या पाहुण्याने जास्तच जपायला हवं.

नवा बर्फ ३० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर माथा रद्द. उतरतानाही जंगलातली किंवा रुंद धारेवरची वाट धरा, नाळेतला शॉर्टकट नको. तीव्र उतार ओलांडावाच लागला तर एका वेळी एक माणूस, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून.

रस्ता बंद असेल तर गावात एक रात्र जास्त काढावी लागेल. ती रात्र, तिचं जेवण, औषधं आणि बदललेलं परतीचं तिकीट हे सगळं बुधवारच्या कागदातच धरलेलं असू द्या. सोमवारी ऑफिस आहे म्हणून काळोखात घाट उतरणारे याच ठिकाणी चुकतात.

निघण्याआधी घरातल्या एका माणसाला तुमचा मार्ग, गाइडचा नंबर आणि खाली पोचण्याची शेवटची वेळ लिहून दिलेली असावी. सोबत ११२ आणि त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर द्या. जिल्ह्यात १०७७ चालतो, दुसऱ्या राज्यातून लावायचा तर एसटीडी कोडसह पूर्ण नंबर लागतो. रेंज आली की फोटो पाठवण्याआधी या माणसाला फोन करा, नाहीतर ठरलेली वेळ उलटल्यावर तो शोधकार्य सुरू करायला सांगेल, आणि त्याने तसंच करायला हवं.